तो, मी आणि सात कुंड्या

नवऱ्याची नाइट शिफ्ट, माझ्या डेडलाइन्स आणि फ्रिजमध्ये परवाचं पार्सल! अशा संसारात दोघांनी एकत्र बसून खायचं-प्यायचं कधी? आम्हाला उत्तर सापडलं ते गॅलरीत. तेही जरा उशिराच, आणि एका रोपाचा बळी देऊन.

आधी एक प्रश्न. तुम्ही दोघं शेवटचं एकत्र कधी जेवलात? हॉटेलात नाही हं. घरी, एकाच वेळी, मोबाइल बाजूला ठेवून?

आठवायला वेळ लागला ना? मग आपली गट्टी जमणार!

गेल्या वर्षी फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळची वेळ, कचरेवाल्या मावशी बेल वाजवत होत्या आणि मी घाईघाईनं डबा रिकामा करत होते. त्यात पार्सलच्या दोन पिशव्या निघाल्या. दोन्हींवर बिलं चिकटवलेली. एक माझं, रात्री पावणेनऊचं, व्हेज बिर्याणी. दुसरं त्याचं, पहाटे सव्वाचारचं, पनीर रोल. एकच घर, एकच रात्र आणि दोन पार्सलं. मावशी गेल्या आणि मी कॅलेंडरसमोर उभी राहून मोजायला लागले. आम्ही एकत्र बसून जेवलो त्याला अकरा दिवस झाले होते.

गंमत म्हणजे भांडण वगैरे काहीच नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान समोरासमोर तरी आलो असतो! नवरोबा हिंजवडीत आयटीवाले. शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे दिवसभर कुणाच्या तरी मागे फोन घेऊन पळणारी. तो उठतो तेव्हा मी बाहेर, मी परतते तेव्हा तो कॅबमध्ये. शनिवारी रात्री मात्र आम्ही ‘कपल’ असायचो. नवं रेस्टॉरंट, मेन्यूचा अभ्यास, प्लेटचे फोटो. आणि मग फोटो टाकून झाल्यावर कुणाच्या कमेंट्स आल्या ते बघत जेवायचं. बिल दोन हजार, गप्पा शून्य.

आणि हेच आम्ही एकेकाळी एफसी रोडवर तासन् तास बडबडायचो. मी जर्नलिझम करत होते, तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. खिशात पैसे असले की डेक्कनचं १९३५पासूनचं कॅफे गुडलक आणि बन मस्का. नसले की सदाशिव पेठेतलं एखादं अमृततुल्य. पितळेच्या पातेल्यात उकळणारा चहा, बत्त्यानं ठेचलेली वेलची, कपड्यातून गाळलेली ती धार. तेव्हा एका चहावर दीड तास निघायचा. लग्न झालं २०२१च्या डिसेंबरमध्ये, आणि चहाला वेळ उरला नाही!

गोणपाटातलं पाहुणं

मार्चमध्ये चिपळूणहून सासूबाई आल्या. एसटीनं. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला हिरवा गड्डा. गवती चहा! कोकणात याला पातीचा चहा म्हणतात. तिकडे मोरीच्या कडेला, सांडपाण्यावर बिनबोभाट माजतो.

“आई, अहो हा इथे मंडईत मिळतो की जुडीनं,” मी म्हटलं.

“मिळतो तर गो, पण आणतं कोण?” त्या म्हणाल्या. मी गप्प.

चार दिवस त्यांनी आमचा संसार नुसता बघितला. पाचव्या दिवशी विचारलं, “तुम्ही दोघं भेटता कधी?” आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, “रोज पाच वाजता चहा तू करायचास. हिनं घरी असायचं. पावणेसहाला तुझी गाडी येते ना? मग पाऊण तास आहे की.”

झालं. सासूबाई आठ दिवसांनी परत गेल्या. गॅलरीत बारा इंची कुंडीतला गवती चहा राहिला आणि पाच वाजताचा नियमही राहिला. खरं सांगायचं तर सुरुवातीला तो पाळला तो त्यांच्या धाकानं. कारण बरोब्बर पाच वाजून दहा मिनिटांनी चिपळूणहून फोन यायचा, “झाला का चहा?”

रोझमेरी कुणी मारली?

एका कुंडीवर थांबू ते आम्ही कसले! एका रविवारी सोलापूर रोडवर उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत धडकलो. पुदिना, तुळस, ओव्याचं पान, कढीपत्ता आणि हो, रोझमेरी. दीडशे रुपयांची रोझमेरी! डोक्यात सगळे कुकिंग शो. भाजलेले बटाटे, त्यावर रोझमेरी, मंद दिवे…

तीन आठवड्यांत ती काळी पडली. उपटून बघितली तर मुळं कुजलेली. पाणी जास्त झालं होतं. “मी तर रोज एकदाच घालते, सकाळी,” मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, “सकाळी? पण मी रोज चारला घालतो!”

दोघंही पाणी घालत होतो. प्रेमानं, न चुकता आणि एकमेकांना न सांगता. रोझमेरी ही भूमध्य समुद्राकाठची, कोरड्या, खडकाळ जमिनीची बाई. तिला दोन पाणी सुटलेल्या हातांनी बुडवून मारलं. आम्ही हसत सुटलो, आणि हसता हसता दोघंही जरा गप्प झालो. कारण हा किस्सा फक्त रोझमेरीचा नव्हता, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

मग आम्ही एक सोपी युक्ती केली. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची एक काडी. एक टोक लाल, एक साधं. पाणी घातलं की काडी उलटी करून लाल टोक वर. दुसऱ्या दिवशी जो आधी गॅलरीत जाईल त्यानं मातीत बोटाचं पहिलं पेर घालून बघायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर काडीला हात नाही. एवढंसं, पण तेव्हापासून एकही रोप बुडालं नाही.

रोझमेरीच्या जागी आम्ही बेझिल लावलं. आणि लावताना कळलं की हे काही परकं पाखरू नाही. आपल्या फालुद्यात असतो तो सब्जा, म्हणजे या बेझिलचंच बी! तुळशीची सख्खी चुलत बहीण म्हणा ना. सातवी कुंडी कोथिंबिरीची. अशा झाल्या सात.

दोन कप, साखर एकात

आता चहाविषयी. नवरोबांनी पहिल्या आठवड्यात केलेला चहा… जाऊ दे, तुम्हीही नवीन लग्न झालेले असाल! त्यानं दुधात थेट किसलेलं आलं टाकलं आणि दूध फाटलं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते उकळीनं निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं, दूध मागाहून. आता तो चहाचा अधिकारी आहे आणि मला स्वयंपाकघरात लुडबुड करू देत नाही.

त्याची पद्धत अशी. दोन कप चहाला दीड कप पाणी. गवती चहाच्या तीन पाती धुऊन त्यांची गाठ मारायची, म्हणजे गाळताना त्रास नाही. (पाती जपून कापा, कडा ब्लेडसारख्या असतात!) गाठ आणि आलं पाण्याबरोबर उकळायचं. लिंबासारखा वास सुटला की चहा पावडर. आपली दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. आसाममध्ये १९३०च्या दशकात आलेली ही पद्धत, पानं चुरडून, फाडून त्यांचे गोळे वळायची. तिचा रंग आणि कडकपणा झटपट उतरतो, म्हणून पावडर फार वेळ उकळायची नाही. शेवटी गरम दूध, एक उकळी, गॅस बंद. झाकण ठेवून दोन मिनिटं थांबायचं. ही दोन मिनिटं मला सगळ्यात आवडतात.

आणि हो, गवती चहाचा खऱ्या चहाच्या झाडाशी काडीचा संबंध नाही! ते गवतच. वास लिंबाचा येतो, कारण दोन्हींत सिट्राल नावाचं एकच द्रव्य असतं. म्हणूनच पहाटे चारला तो परतल्यावर आमच्याकडे थर्मासमध्ये तयार असतो तो नुसता गवती चहा आणि तुळशीचा उकळा, पावडर न घालता. चहातलं कॅफिन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटे कडक चहा मारून झोपायला गेलात तर झोप येणार कशी? हे आम्हाला दोन वर्षं कळलं नव्हतं!

पाच वाजताची बातमी

आता तो दिवस. मे महिना. नागपूरला लग्न होतं, तिथून पुढे दोन दिवस फिरणं, असे आम्ही नऊ दिवस बाहेर. कुंड्यांची सोय करायची राहूनच गेली. परतलो तेव्हा पुदिना गेलेला, कोथिंबिरीचा चुरा आणि गवती चहा वरपासून खालपर्यंत पिवळा. वाळलेलं गवत! सासूबाईंनी एसटीतून मांडीवर आणलेला गड्डा.

फोन केला. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, “चार बोटं ठेवून काप सगळा. पाणी घाल आणि थांब.”

कापला. आणि थांबलो. पाच वाजता चहा चालू होता, नुसता आल्याचा. रोज कप घेऊन गॅलरीत जायचं, त्या चार बोटांच्या खुंटांकडे बघायचं आणि परत यायचं. सहाव्या की सातव्या दिवशी, तिथेच उभं असताना तो अचानक म्हणाला, “तुला एक सांगायचं राहिलंय. जानेवारीत मला डे शिफ्ट विचारली होती. मी नाही म्हटलं.”

मी कप कठड्यावर ठेवला.

नाइट शिफ्टचा भत्ता जाणार होता. घराचा हप्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्यानं हिशेब एकट्यानं केला, निर्णय एकट्यानं घेतला. आणि चार महिने सांगितलं नाही, कारण ‘सांगायला वेळच मिळाला नाही’. आणि मी? मी त्या चार महिन्यांत मनाशी ठरवून टाकलं होतं की याला रात्रीचं काम आवडतंय, घरी यावंसंच वाटत नाहीये.

त्या दिवशी पाऊण तास पुरला नाही. मी चिडले. रडलेसुद्धा. कॅब खाली हॉर्न देत होती. तो गेला आणि मला वाटलं, संपलं बाई हे चहाचं कौतुक. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी मुद्दाम आतल्या खोलीत बसून राहिले. तो दोन कप घेऊन तिथेच आला. बरोबर एक वही. हप्ता, भत्ता, माझ्या लेखांचे येणारे आणि अडकलेले पैसे, बाहेरचं खाणं, सगळं ओळीनं मांडलेलं. आम्ही दोघांनी पहिल्यांदा तो हिशेब एकत्र केला. आणि त्यातला सगळ्यात लाजिरवाणा आकडा कुठला असेल? पार्सलं आणि शनिवारची हॉटेलं! भत्त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम आम्ही वेगवेगळं खाण्यात घालवत होतो.

त्यानं पुन्हा डे शिफ्टसाठी नाव दिलंय. अजून नंबर लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल. पण आता हे आम्हा दोघांना माहीत आहे.

गवती चहाचं म्हणाल, तर त्या वहीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका खुंटातून हिरवी सुई वर आली. त्यानं मला झोपेतून उठून हाक मारली, “अगं ए, बाहेर ये!” दुपारचे बारा वाजले होते. त्याच्यासाठी ती मध्यरात्रच!

शनिवारचं हॉटेल, रविवारची भजी

आमचं खाणं फार बदललंय असं नाही. पार्सल अजून येतं, पण आठवड्यातून एकदा आणि दोघांचं मिळून. शनिवारच्या हॉटेलऐवजी रविवारी अकराला ओव्याच्या पानांची भजी असते. बेसनात तांदळाचं थोडं पीठ, तिखट, मीठ, हळद. पान बुडवायचं आणि थेट तेलात. पान तोडायला तो, तळायला मी, खायला दोघं कढईपाशी उभेच. बेझिल भरपूर झालं की पेस्टो. इटलीतल्या जिनोआचा हा पदार्थ, मूळ कृतीत पाइन नट्स लागतात. आम्ही त्याऐवजी काजू घालतो, महिनाअखेरीला शेंगदाणे. पास्त्यावर घाला नाहीतर कालच्या पोळीवर. जिनोआवाले बघायला येत नाहीत!

खालच्या मजल्यावरच्या काकूंचंही सांगायला हवं. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टपकायचं. एकदा त्या वर आल्या त्या रागानंच. आम्ही त्याच दिवशी कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या आणि संध्याकाळी पुदिन्याची जुडी घेऊन खाली गेलो. आता त्यांच्या खिडकीतही पुदिना आहे आणि आम्ही बाहेरगावी गेलो की किल्ली त्यांच्याकडे असते. मेमध्ये ही अक्कल असती तर?

कुणी म्हणेल, सात कुंड्यांनी काय होतं? भाजीचं बिल वाचतं का? अजिबात नाही! कुंड्या, माती, खत धरलं तर आमचा पुदिना मंडईपेक्षा महागच पडतो. पण मंडईतली जुडी तुमची वाट बघत नाही. कुंडी बघते. तिला रोज कुणीतरी लागतं आणि ‘आज तू की मी’ एवढं तरी एकमेकांना विचारावं लागतं. आमची सुरुवात तेवढ्यानंच झाली.

बाकी, पावणेपाच झालेत. आत पातेल्याचा आवाज येतोय. हा लेख आज संपादकांना पाठवायचा होता, पण पाच ते पावणेसहा मी मिळणार नाही. सॉरी!

तुमच्या गॅलरीत काय लावाल?

गवती चहा : बारा इंची कुंडी आणि भरपूर ऊन. मुळासकट एक फुटवा पुरतो. पाती ओढू नका, कात्रीनं चार बोटं वरून कापा, पुन्हा फुटतो.

पुदिना : बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं दिसू लागतात. कुंडी मात्र स्वतंत्र द्या, हा पसरून शेजाऱ्यांना गिळतो. चहात घालायचा तर गॅस बंद केल्यावर.

कोथिंबीर : धने हलके रगडून दोन फाका करा आणि मगच पेरा. उगवायला आठ-दहा दिवस, कापायला महिना-सव्वा महिना. उन्हाळ्यात लवकर फुलावर येते, तेव्हा थोडी सावली द्या.

तुळस आणि बेझिल : मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, पानं जास्त येतात.

ओव्याचं पान : आळशी जोडप्यांसाठी बेस्ट! फांदी मातीत खोचा, पाणी बेतानं. (आपल्या मसाल्याच्या डब्यातला ओवा मात्र या झाडाचा नाही, तो वेगळा.)

कढीपत्ता : पहिलं वर्ष धीर धरा. पानं ओरबाडू नका, पूर्ण काडी कापा.

दोन गोष्टी विसरू नका. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. आणि चहा जेवणाला चिकटून नको, तासाभराचं अंतर ठेवा, कारण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

आणि तिसरी, आमच्या सासूबाईंची : चहा रोज एकाच माणसानं करायचा नाही असं काही नाही. पण प्यायचा मात्र दोघांनी!